विनोद बाईच्या अंगावर की बाईच्या तोंडी?

पेरणीच्या दिवसांत यवतमाळ-वर्ध्याकडच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर कृषी केंद्रांच्या फ्लेक्सची रांग लागते. बियाणं, तणनाशक, टॉनिक, फवारणी पंप. त्यात एक मांडणी ओळखीची आहे: उजवीकडे कपाशीचं फुटलेलं टपोरं बोंड, डावीकडे इंटरनेटवरून उचललेली ओल्या साडीतली बाई आणि मधे लाल अक्षरांत "एकदा हात लावून तर पाहा!" पानठेल्यावरचे पोट्टे हसतात. कोणी हरकत घेतली की उत्तर ठरलेलं असतं: "गिऱ्हाईक माणूस आहे न भाऊ, बायांसाठी थोडीच लावला!"

चावट विनोद म्हणजे बाईचा अपमान, हे मला मान्य नाही. आपल्याकडे लग्नात बाया वरपक्षाला आणि विहिणीला जी शिव्यांची गाणी म्हणतात, ती कुठल्याही फ्लेक्सवर छापता येणार नाहीत इतकी मोकळी असतात. पण तिथं चिडवणारी बाई असते, आणि जिला चिडवलं तिला उलट गाणं म्हणायची मुभा असते. वरच्या फ्लेक्सवरच्या बाईला तोंडच नाही. ती बोंडाच्या जागी ठेवलेली वस्तू आहे, आणि विनोद इतकाच की दोन्ही वस्तूंना हात लावता येतो.

अशी जाहिरात तपासायला तीन प्रश्न पुरतात. हेच चित्र आणि हीच ओळ मोटारपंपाला, मोबाइलला, सिमेंटलाही चालते का? चालत असेल तर बाईचा मालाशी काही संबंध नाही, ती नुसती नजर ओढायला आणली आहे. दुसरा: जाहिरातीत ती काही बोलते का, तिला काही हवं-नको आहे का? तिसरा प्रश्न मला सगळ्यांत पक्का वाटतो. हीच ओळ रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी मुलीकडे बघून म्हटली तर काय होईल? "हात लावून तर पाहा" हे स्टँडवर एखाद्या पोट्ट्यानं मुलीला ऐकवलं तर ती छेडछाड ठरते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 79 मध्ये बाईच्या विनयशीलतेचा अपमान करण्यासाठी काढलेल्या शब्दाला 3 वर्षांपर्यंत कैद आहे. तीच ओळ छापून टांगली की ती धंद्याची ओळ होते. आणि पोट्ट्यांना आयतं वाक्य मिळतं ते वेगळंच: ओळ जाहिरातीची असल्यामुळे "मी तं फ्लेक्स वाचून रायलो" म्हणून हात झटकता येतात.

असले विनोद फ्लेक्सवरच जास्त का दिसतात, याचं एक कारण मापात आहे. मोटरसायकल ताशी 40 किलोमीटरनं जात असेल तर सेकंदाला 11 मीटर मागे पडतात. 40 मीटरवरून अक्षर दिसायला लागलं तरी वाचायला 4 सेकंदसुद्धा मिळत नाहीत. दर 10 फूट अंतराला 1 इंच उंचीचं अक्षर, हा फलकाचा ढोबळ हिशोब. म्हणजे 40 मीटरला साधारण 13 इंच. 10 फूट रुंद फ्लेक्सवर इतक्या मोठ्या टाइपात एका ओळीत आठ-दहा अक्षरंच बसतात. खऱ्या विनोदाला आधी प्रसंग लागतो, मग कलाटणी. दोन्हीला इथं जागा नाही. मग डिझायनर प्रसंगाच्या जागी बाईचं चित्र टाकतो आणि कलाटणीच्या जागी द्वयर्थी ओळ. फ्लेक्सवाल्याच्या मनात वाईट असेलच असं नाही, पण घाईत हाताशी येतं ते हेच.

शिवाय पानठेल्यावरचा विनोद तिथंच विरतो. फ्लेक्सवरचा तीन-चार महिने टांगलेला राहतो, आणि त्याच्याखाली कॉलेजच्या मुली रोज गाडीची वाट पाहत उभ्या असतात. उतरवल्यावरही तो संपत नाही. रिकामा फ्लेक्स कुटारावर, म्हणजे गुरांच्या भुसकट चाऱ्यावर, झाकायला नाहीतर अंगणातल्या न्हाणीला आडोसा म्हणून लागतो.

"गिऱ्हाईक माणूसच आहे" हेही अर्धंच खरं. निंदण आणि वेचणी बायाच करतात, बोंडाला खरा हात त्यांचाच लागतो. आणि ज्या घरातल्या कर्त्या कास्तकारानं आत्महत्या केली, त्या घरी वावर, कर्ज, पेरणी बाईच्याच अंगावर येते. ती कपाशीच्या बियाण्याची 475 ग्रॅमची चार पाकिटं घ्यायला त्याच फ्लेक्सखालून दुकानात शिरते. हे चित्र डोळ्यासमोर आणा, मग त्या ओळीवर हसू येतं का पाहा.

मोठ्या कंपन्यांचे दोन नमुने शेजारी ठेवले की फरक दिसतो. 2007 मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयानं अमूल माचो या चड्डी-बनियनच्या जाहिरातीवर बंदी घातली. त्यात नवी नवरी पाण्यावर नवऱ्याची चड्डी धुते आणि तिच्या चेहऱ्यावरून सगळं कळतं. चावट होतीच, काहींना अश्लील वाटली. पण त्यात इच्छा बाईची होती, आणि ती आपल्याच नवऱ्याच्या आठवणीत होती. जून 2022 मध्ये लेयर शॉट या बॉडी स्प्रेच्या जाहिरातीत दुकानात चार पुरुष, पुढे एकटी मुलगी, आणि "शॉट कोण घेणार" अशी बोली. मुलगी घाबरते, मग कळतं की बोलणं बाटलीबद्दल होतं. इथं तिची भीती हाच विनोदाचा मालमसाला आहे. मंत्रालयानं ट्विटर आणि यूट्यूबला ती काढायला लावली, ते योग्यच झालं. सरकारच्या लेखी दोन्ही एकाच माळेचे मणी, माझ्या लेखी नाहीत. पहिलीला फार तर टीव्हीवर दाखवायच्या वेळेचं बंधन पुरलं असतं.

"हसण्यावारी न्या" म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. थॉमस फोर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह 2008 मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या पुरुषांच्या मनात बायांविषयी आधीच आकस होता, त्यांनी बायांना खाली दाखवणारे विनोद ऐकल्यावर महिला संस्थेला द्यायची मदत आखडती घेतली. विनोद आकस निर्माण करत नाही, आधीच असलेल्याला मोकळीक देतो.

कायद्याचा आधार आहे, पण त्याला भोक आहे. स्त्रियांचं असभ्य चित्रण रोखणारा 1986 चा कायदा जाहिरातींना लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला 2 वर्षांपर्यंत कैद आणि 2,000 रुपयांपर्यंत दंड. मात्र त्याचा रोख शरीराच्या चित्रणावर असल्यामुळे अंगभर साडी आणि द्वयर्थी ओळ त्यातून निसटू शकते. तिथं अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलचे जून 2022 चे नियम जास्त कामाचे: मालाशी संबंध नसताना कुणाचंही लैंगिक वस्तूकरण नको, आणि एका लिंगासाठीच्या मालात दुसऱ्याला तुच्छ लेखू नये. ही उद्योगाची स्वतःची संस्था आहे, न्यायालय नाही.

या कौन्सिलकडे केलेल्या तक्रारी वाया जाऊ शकतात त्या फोटोमुळे. लोक बाईपुरताच फोटो काढतात आणि खालच्या पट्टीतलं कंपनीचं, विक्रेत्याचं नाव कापलं जातं. पूर्ण फ्लेक्स घ्या, गाव आणि तारीख लिहा, ओळ जशीच्या तशी उतरवा. नुसतं "अश्लील आहे" लिहू नका, "टॉनिकशी या चित्राचा संबंध नाही" असं लिहा. चित्र ताणलेलं, फुटलेलं दिसलं तर ते बहुधा गावातच बनलेलं असतं, कंपनीला त्याचा पत्ताही नसतो. तेव्हा बियाण्याच्या पाकिटावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर कळवणं जास्त लवकर लागू पडतं.

आणि चावटपणा हवाच असेल तर फ्लेक्सऐवजी ऑटोवरचा भोंगा धरा. 30 सेकंदांत साठ-सत्तर शब्द बसतात, म्हणजे प्रसंगही मावतो. नवरा पानठेल्यावर सांगतो, "यंदा एकरी पंधरा क्विंटल झाला!" मागून बायको: "काटापावती माह्याजवळ हाये. यायले आकडा मोठा सांगाची सवयच हाये." मग बियाण्याचं नाव. यातला दुसरा अर्थ सगळ्या बाजाराला कळतो. बाई बोलते, पावती तिच्याजवळ आहे, हसं होतं ते बढाईचं, आणि हे वाक्य कुठल्याच मुलीवर फेकता येत नाही. रेकॉर्ड करताना बायकोचा आवाज लाडिक होऊ देऊ नका, हिशोब सांगावा तसा सपाट ठेवा, नाहीतर सगळं पुन्हा ओल्या साडीवर येतं.

कृषी केंद्राच्या मालकाशी बोलायचं तर मृगाआधी, मेच्या मध्यापर्यंत बोला. डिझाइन तेव्हा कॉम्प्युटरवरच असतं आणि ओळ बदलायला खर्च नाही. छापून आल्यावर कोणी ऐकत नाही.