ताडोबाच्या तलावातले सांबर

नागपूरहून पर्यटकांना गाडीने ताडोबाला नेणे-आणणे हा माझा व्यवसाय आहे. गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या एका कुटुंबाला घेऊन मी भल्या पहाटे निघालो, तेव्हा उमरेड मागे पडताच धुके इतके दाटले की मागचे दिवे नसलेल्या कापसाच्या ट्रॉल्या अगदी पुढ्यात आल्यावरच दिसत होत्या. भिवापूर, चिमूर करत कोलारा गेटला पोहोचलो. ओळखपत्रे तपासून झाली, मोबाइल जमा झाले आणि आम्ही उघड्या जिप्सीत बसलो. थंडीत नाल्या-ओढ्यांना पाणी असते आणि गवतही उंच असते, त्यामुळे उन्हाळ्यासारखा वाघ पाणवठ्यावर हमखास सापडत नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला आधीच सांगतो. ऐकतात सगळे, मानत कोणीच नाही.

आमच्या गाईड ताई जवळच्याच गावातल्या होत्या. ताडोबा तलावाच्या कडेच्या रस्त्याला लागताच त्यांनी हात वर करून गाडी थांबवायला लावली. सांबराचा खणखणीत इशारा एकदा आला, पुन्हा आला. पाठोपाठ बांबूच्या बेटातून एक मोठा नर धडपडत बाहेर पडला आणि थेट पाण्यात शिरला. पोट बुडेल इतक्या पाण्यात गेल्यावर तो काठाकडे तोंड करून थांबला. त्याच्या मागावर आलेले नऊ रानकुत्रे काठावर पसरले. शीळ घातल्यासारखा आवाज काढत ते एकमेकांना साद देत होते.

पंधरा-वीस किलोचे जनावर दोनशे किलोच्या सांबराला पाण्यात घालवते, ही गोष्ट ऐकून माहीत असणे वेगळे आणि समोर पाहणे वेगळे. दोन कुत्रे छातीभर पाण्यात गेले. सांबराने पुढचा पाय आपटून शिंगे खाली केली, तसे ते मागे सरले. मग मात्र त्यांनी घाई केली नाही. काही जण चक्क उन्हात आडवे झाले. सांबराच्या ओल्या अंगावरून वाफ निघत होती आणि त्याच्या मागच्या मांडीवर लाल चीर दिसत होती. या तलावात मगरी आहेत, त्यामुळे त्याला आणखी आत जाणेही सोयीचे नव्हते.

इंग्रजांच्या काळात रानकुत्र्यांना उपद्रवी ठरवून मारणाऱ्यांना बक्षिसे दिली जात. आज ही जात जगभर संकटात आहे, तरीही आमच्या पर्यटकांच्या लेखी तो कुत्राच राहतो. मागून आलेल्या दोन जिप्सी वाघाच्या आशेने न थांबता निघून गेल्या. आमच्या गाडीतला मुलगाही चुळबुळू लागला होता. त्याचे आजोबा मात्र शाल डोक्यावरून घेऊन दुर्बिणीतून डोळा काढायला तयार नव्हते. "ताई, हाकला की त्यांना," असे ते एकदा म्हणाले. ताई शांतपणे म्हणाल्या, "बाबा, या दिवसांत त्यांची पिल्ले असतात. पोटातले मांस घरी जाऊन ओकून त्यांना भरवतात. आपण कोणाच्या बाजूने बोलायचे?" मला हे उत्तर पटले, कारण त्यात ना कुत्र्यांचे कौतुक होते ना सांबराची कीव.

तासाभराने वेळेची अडचण आली. ठरलेल्या वेळेत गेटबाहेर न पडल्यास जिप्सीचालकावर आणि गाईडवर कारवाई होते, त्यामुळे शेवट पाहण्यासाठी थांबणे शक्यच नव्हते. मुलाच्या वडिलांनी जादा पैसे देऊ केले, तेव्हा मीच त्यांना थांबवले. आम्ही निघालो तेव्हा सांबर तसेच पाण्यात होते आणि कुत्र्यांपैकी एकानेही जागा सोडली नव्हती.

संध्याकाळी उमरेडला चहासाठी थांबलो असताना ताईंचा फोन आला. दुपारच्या फेरीतल्या गाडीला सांबर पलीकडच्या काठावर लंगडत चालताना दिसले होते आणि कुत्रे आसपास नव्हते. आजोबांनी फोन मागून घेऊन ते जगेल का, असे विचारले. मांडीची जखम चिघळली नाही आणि रात्री वाघाच्या वाटेत आले नाही तर जगेल, असे ताईंनी सांगितले.