तुम्ही विचारलंत म्हणून: मी उभा का राहत नाही

फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, जिथून दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. आधार कार्डाची प्रत निघेपर्यंत गिऱ्हाईक इकडचं तिकडचं बोलतं आणि जाता जाता विचारतंच, "भाऊ, एवढं कागदात डोकं घालायलाय, मग निवडणुकीला कामून उभं राहत नाहीत?" पुण्याचे पाव्हणे तेच जरा शहाण्या भाषेत विचारतात. सगळीकडं लोकशाहीचं वाटोळं झालंय, तुझ्यासारख्यांनी राजकारणात यायला पाहिजे, वगैरे. आजवर हसून सोडून द्यायचो. परवा तुम्ही परत विचारलंत म्हणून बैजवार सांगतो.

उभं राहणारे आमच्याकडं कधीच कमी पडले नाहीत. मागच्या वेळी ग्रामपंचायतीच्या नऊ जागांना तेवीस अर्ज होते, एकेका भावकीतून दोन-दोन. टंचाई आहे ती बसणाऱ्यांची. ग्रामसभेत, सतरंजीवर, शेवटचा विषय होईस्तोवर.

हे मला कळलं ते माझ्याच सहीवरून. काही वर्षांमागं गावातले एक म्हातारे मामा माहिती अधिकारात मिळालेले कागद घेऊन दुकानात आले. अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लावून आणि पानामागं दोन रुपये भरून त्यांनी ग्रामसभेचं प्रोसिडिंग, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची नोंद, मिळवलं होतं, त्याच्या आणखी दोन प्रती पाहिजे होत्या. काचेवर पान ठेवताना हजेरीच्या रकान्यात माझं नाव दिसलं. पुढं माझीच सही, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. सभा 26 जानेवारीची. त्या दिवशी सकाळी झेंडावंदन करून, जिलेबी खाऊन मी दुकान उघडलं होतं ते थेट रात्री बंद केलं होतं. दुपारनंतर शिपाई रजिस्टर घेऊन आला, म्हणाला, "भाऊ, एक सही." लॅमिनेशनचं काम हातात होतं. त्याचाच पेन घेऊन मी सही केली. वर काय लिहिलंय, काही लिहिलंय तरी का, पाहिलंसुद्धा नाही. आता त्या पानावर माझ्यासकट एकशे चार माणसं हजर होती आणि घरकुलाची यादी सर्वानुमते मंजूर झालेली होती.

एकशे चारच का, तेही मामांनीच सांगितलं. ग्रामसभेच्या कोरमला, म्हणजे सभा चालायला, गावच्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100 माणसं लागतात, यातला जो आकडा कमी असेल तो. चार माणसं वरची, संशय नको म्हणून.

मग मी मशीन थांबवून नावं वाचायला लागलो. सातव्या नंबरचा गडी त्या जानेवारीत सांगलीकडं उसाच्या फडात होता, त्याच्या उचलीचे, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशाचे कागद मीच झेरॉक्स केले होते. त्याच्या खाली त्याच्या बायकोचा अंगठा. ती बाई दहावी पास आहे! सही करायला तिला कुणाची शिकवणी लागत नाही. मामा म्हणाले, "तू तर सही केलीस बाबा, तिला इचारलं तरी होतं का?"

त्या रात्री झोप आली नाही वगैरे काही नाही. चांगली आली. पण सहीचं डोक्यात राहिलं.

कायद्यानं वर्षात निदान चार ग्रामसभा घ्यायच्या असतात. रिवाज असा की 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. आता हे आमच्या गावाच्या पंचांगाला लावून बघा. जानेवारीत ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर, गावात म्हातारी माणसं आणि लेकरं. म्हणजे ज्यांना घरकुल पाहिजे ते फडात आणि यादी गावात. मला तरी यात कुणाचा मोठा डाव वाटत नाही. तारखा ठरवणाऱ्याच्या डोळ्यापुढं कोयता नव्हता, एवढंच. पण त्या मोकळ्या जागेत डाव मांडणारे गावोगाव असतात.

पुढच्या सभेला मी, मामा आणि अजून तिघं जाऊन बसलो. मोजून सव्वीस माणसं होती. आम्ही कोरमचा मुद्दा काढला, सभा तहकूब झाली, आणि फाट्यावर येऊन आम्ही लढाई जिंकल्यासारखा चहा पिला. आठ दिवसांनी तहकूब सभा भरली. तिला कोरमच लागत नाही! सोळा माणसांत सगळे विषय मंजूर. मामा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

तेव्हापासून मी अडवायचा नाद सोडला आणि माझ्या धंद्यात जे बसतं ते करायला लागलो. ई-ग्रामस्वराज नावाची सरकारी वेबसाइट आहे. गावाचा वर्षाचा आराखडा, वित्त आयोगाचा पैसा किती आला, कशावर पडला, तिथं कुणालाही बघता येतं. ती पानं मी छापतो आणि काउंटरच्या बाजूच्या भिंतीला चिकटवतो, ओळीखाली पिवळा मार्कर मारून. एस.टी.ची वाट बघणारे वाचतात. कुणी काही बोलत नाही बराच वेळ, मग एखादी बाई म्हणते, "हा हातपंप दुरुस्त झालाय व्हय? आम्हाला कसा दिसना?" आता ग्रामसभेच्या आधी होणाऱ्या महिला सभेत त्या हातपंपाचा विषय बायांनीच लावून धरला. ग्रामसेवक, आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, स्वतः येऊन बघून गेले. हातपंपाला पाणी आलं. थोडं गढूळ.

याची किंमतही पडली. एका ठेकेदाराच्या फायली माझ्याकडं यायच्या, महिन्याला दोन-तीन हजारांचं काम. भिंतीवर कागद लागला आणि फायली बंद झाल्या. त्याचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पुढच्या एका घरकुलाच्या यादीत माझ्या चुलत भावाचं नाव होतं. त्याचं स्लॅबचं घर आहे, सगळं गाव बघतं. मी सभेत होतो, पहिल्या ओळीत. नाव वाचलं गेलं आणि मी खाली मान घालून सतरंजीचे धागे काढत बसलो. मामांनी माझ्याकडं बघितलं, तेही काही बोलले नाहीत. उभं राहायचं म्हणता तेव्हा मला ती सतरंजी आठवते. आपल्या माणसाच्या नावाला हरकत घेता येत नसेल, तर खुर्चीवर बसून मी काय वेगळं करणार होतो?

पाव्हण्यांच्या 'देशाच्या' प्रश्नाचंही माझ्याकडं एवढंच उत्तर आहे. आमचा आजा निजामाच्या राज्यात जन्मला. 15 ऑगस्ट 1947 ला तो रझाकारांच्या भीतीनं डोंगरात होता. मराठवाडा मोकळा झाला 17 सप्टेंबर 1948 ला. पहिल्या निवडणुकीत मत टाकायला तो दोन कोस चालत गेला आणि ते बोट आठ दिवस जपून वापरलं, असं आजी सांगायची. आणि 2022 च्या मार्चमध्ये जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक बसला, तो 2025 साली सुप्रीम कोर्टानं निवडणुका घ्या म्हणून सांगितलं तेव्हाही बसूनच होता. एवढ्या काळात माझ्या दुकानात एकानंही विचारलं नाही की आपला झेडपी मेंबर कुठं गेला. मीही नाही विचारलं. नगर, नाशिक, मुंबई, दिल्ली सगळ्यांवर आमच्या फाट्यावर रोज चर्चा झडते, बरं का.

तर तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर 1 मे ला या. तोवर टोळ्या परतलेल्या असतात, माणूस सापडतं. सभेची नोटीस सात दिवस आधी लागायला पाहिजे, लागली की मी फोटो पाठवतो. यंदा पाणीपुरवठ्याच्या मोटारीचं थकलेलं लाइट बिल विषयपत्रिकेवर घ्या म्हणून आम्ही अर्ज दिलाय, पोच घेऊन. ती दहावी पास बाई येणार आहे. तिनं रजिस्टर आधी वाचायला मागितलंय, सही नंतर. शिपाई म्हणाला, "वहिनी, ते अजून कोरं आहे." ती म्हणाली, "मग लिहून झाल्यावर आण."