आमची वाटचाल : दलालीकडून घर सांभाळण्याकडे

नागपुरात किरायेदार शोधून देण्यापासून आमचं काम सुरू झालं आणि सगळ्यात सोपा भाग आजही तोच आहे. मिहान या औद्योगिक प्रकल्पातल्या कंपन्या, एम्स, मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय), हिंगणा रोडची कॉलेजं यांमुळे मनीषनगर, त्रिमूर्तीनगर, नंदनवनकडे बऱ्या स्थितीतला पोर्शन, म्हणजे किरायाने द्यायचा घराचा भाग, फार दिवस रिकामा राहत नाही. मालकाची ओढाताण सुरू होते ती किल्ली दिल्यावर. मुलं पुण्या-बंगळूरला, आईवडीलही तिकडेच आणि इथलं घर किरायाने, असे मालक वाढत गेले. मग आम्हीही दलालीपुरते न राहता घर सांभाळायला लागलो.

पहिला अडसर करारनाम्याचा. स्टॅम्प पेपरवर टाईप करून नोटरी केली की झालं, अशी समजूत अजून घट्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल किरायेदार म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाचवायचे म्हणून जे वाचवतात ते किती? महिना 15,000 किराया, 50,000 डिपॉझिट आणि 11 महिने धरा. किरायाचे 1,65,000, त्यात डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्क्यांनी धरलं जाणारं व्याज 4,583. या बेरजेवर 0.25 टक्के म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. एवढ्यासाठी कलम 24 चा आधार सोडायचा नाही. लिव्ह अँड लायसन्सची (ठरावीक मुदतीपुरतं घर वापरू देण्याच्या कराराची) मुदत संपूनही कोणी घर सोडलं नाही, तर याच कलमाखाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई मागता येते. किरायेदाराची माहिती पोलिसांकडे देणं हे वेगळं काम आहे. करार नोंदवला म्हणजे तेही झालं असं होत नाही.

यानंतर कूलर. दुसऱ्या शहरातून सल्ला देणाऱ्यांच्या यादीत हा विषय नसतो, आणि नागपुरात मार्च ते जून मालकाचे निम्मे फोन त्याच्यामुळेच येतात. भर उन्हात मोठा कूलर तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो. दोन पोर्शनमध्ये मिळून तीन कूलर, दहा तास चालले तर अडीचशे-तीनशे लिटर नुसते कूलरलाच. तिथे गच्चीवर पाचशे लिटरची टाकी पुरत नाही, हजाराची लावा. कूलरची नळी भिंतीतून नेली असेल तर फ्लोट (पाणी भरलं की नळी बंद करणारा तरंगता गोळा) बिघडल्यावर कूलरची टाकी भरून वाहते, खिडकीखालची पुट्टी फुगते आणि पावसाळ्यात ओलीचा दोष बिचाऱ्या स्लॅबवर जातो. स्टँडखाली ट्रे आणि ओव्हरफ्लोचा पाइप बाहेर काढा.

पाण्यापेक्षा धोका विजेचा. लोखंडी बॉडी, ओली फरशी, पंपाची सोललेली वायर आणि तिसरी पिन नुसती नावाला: शॉक लागतो तो यातून. घर देण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. तिचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. स्विच पडला नाही तर ती बदला. कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा लागतो. वायरिंग उलटी असेल तर बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज, म्हणजे शॉक देणारी तार, आतच जोडलेला राहतो. प्लग काढूनच पाणी भरायचं, ही ओळ आम्ही करारनाम्याच्या जोडपत्रात मराठी आणि हिंदी दोन्हींत घालतो.

वीजबिलाची भांडणंही उन्हाळ्यातलीच. एकाच मीटरवर दोन बिऱ्हाडं असली की महावितरणचे 100, 300, 500 युनिटचे, वाढत्या दराचे टप्पे दोघांना मिळून एकदाच लागतात. वरच्याचं म्हणणं, माझे 150 युनिट स्वस्त टप्प्यातले. खालच्याचं म्हणणं, माझे 250 महाग का? तोड साधी आहे. एकूण बिलाला एकूण युनिटने भागा आणि येणाऱ्या सरासरी दराने प्रत्येकाचे युनिट गुणा. आधी लिहून ठेवलं तर वाद होत नाही. वेगळं मीटर मिळत असेल तर तेच घ्या. किल्ली देताना आणि घेताना रीडिंगचा फोटो काढा, कारण थकबाकी मालकाच्या नावावर राहते.

रंग, नळ, तुटकी जाळी यांचा हिशेब आत जाताना केलेल्या यादीवरून होतो, तोंडी आठवणीवरून नाही.

नव्याने गुंतवणूक करणाऱ्यांना आम्ही आधी कागदावर वजाबाकी दाखवतो. समजा फ्लॅट 45 लाखांचा, किराया 14,000. वर्षाचे 1,68,000, म्हणजे 3.7 टक्के. यातून मेंटेनन्सचे 18,000, मालमत्ता कराचे 8,000, एक महिना रिकामा गेला त्याचे 14,000, रंग-दुरुस्तीचे 12,000 काढा. उरले 1,16,000, म्हणजे 2.6 टक्क्यांच्या आत. गृहकर्जाचं व्याज याच्या तिपटीच्या घरात असतं. तेव्हा किरायातून हप्ता निघेल या भरवशावर घेऊ नका. जागेची किंमत वाढेल असं खरंच वाटत असेल तर घ्या.

आणि लेआऊट बघा. शहराच्या कडेला 572 आणि 1900 या आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या, मुळात मंजुरीशिवाय पडलेल्या लेआऊटमध्ये फ्लॅट स्वस्त दिसतो. टोकन देण्याआधी आरएल (प्लॉट नियमित केल्याचं पत्र), मंजूर नकाशा आणि मालमत्ता कराची पावती मागा, आणि त्यांवरचे खसरा व प्लॉट क्रमांक विक्रीपत्राशी एकेक करून जुळवा.