तीर महिना, सन १३५५ : राजाबाजारमधल्या एका घराची विक्री

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात, राजाबाजारच्या मागच्या गल्लीतलं एक घर आमच्याकडे विक्रीला आलं, तेव्हा त्याचा एक सौदा आधीच मोडलेला होता. पहिल्या गिऱ्हाइकाचं कर्ज बँकेनं नाकारलं होतं. घर चांगलं, भाव वाजवी, गिऱ्हाइकाचा पगारही भक्कम. पण बँकेच्या वकिलाच्या शोध अहवालात एक वाक्य होतं: पूर्वीच्या एका विक्रेत्यानं ही मिळकत स्वतः विकत घेण्याच्या आधीच दुसऱ्याला विकलेली दिसते.

एरवी बँक तीस वर्षांचा सर्च, म्हणजे नोंदणीच्या दप्तरातला शोध, मागते. इथे तीस वर्षांत एकही नोंदणीकृत व्यवहार नव्हता, कारण आताच्या मालकांच्या आजोबांनी घेतलं आणि पुढे वारसानंच चालत आलं. अशा वेळी वकील मागे जात जात शेवटच्या खरेदीखतापर्यंत पोचतो. जुन्या शहरात हे शेवटचं खरेदीखत बहुधा निजामाच्या काळातलं, उर्दूत लिहिलेलं, हाली रुपयात (निजामाच्या चलनात) आणि चौरस गजात असतं. या घराच्या गठ्ठ्यात तशी दोन होती: आजोबांचं स्वतःचं, आणि त्यांना विकणाऱ्यानं ते घर ज्याच्याकडून घेतलं त्याचं. सोबत टाइप केलेला मराठी अनुवाद. अनुवादात आधीचं खत १३४९ फसलीचं, म्हणजे निजामाच्या सरकारी सनातलं होतं; इसवी सन १९३९. आजोबांचं मात्र १३५५ हिजरीचं, म्हणजे १९३६. विकणाऱ्यानं १९३९ मध्ये घेतलेलं घर १९३६ मध्येच विकलं, असा त्याचा अर्थ निघत होता. वकिलानं समोरचा कागद वाचला, त्यात त्याचं काही चुकलं नाही.

नवीन गिऱ्हाईक आणण्याआधी मूळ कागद वाचून घ्यायचं ठरलं. मालकांचा धाकटा भाऊ आणि मी एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. सरांनी खिडकीशी बसून कागद तिरपा धरला. आकड्यानंतर एकच अक्षर होतं. शाई फाकली होती, घडी नेमकी त्यावरून गेली होती. फसलीसाठी ‘फे’ लिहितात, हिजरीसाठी ‘हे’. ‘फे’वरचा टिंब घडीत झिजला की उरलेली गोल गाठ कुणीही ‘हे’ म्हणून वाचील. सर त्या अक्षरावर रेंगाळलेच नाहीत. त्यांनी बोट आकड्याच्या आधीच्या शब्दावर ठेवलं. “तारीख देखो. माह-ए-तीर लिखा है. हिजरी में तीर का महीना होता ही नहीं.”

तीर हा फसलीतला महिना. हैदराबाद संस्थानाचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्यानं सुरू व्हायचं. मग दै, बहमन, इस्फंदार असं करत तीर साधारण मे महिन्यात यायचा. हिजरीचे महिने मोहरम, सफर, रज्जब, रमजान. दोन्ही कॅलेंडरांत एकही नाव सारखं नाही. त्यामुळे सनाचं अक्षर पुसलेलं असलं तरी महिन्याचं नाव सांगून टाकतं.

आणखी एक बारकावा इथे कामाला येतो. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ते ऑक्टोबर ते डिसेंबरपुरतं. जानेवारीपासून ५९१ मिळवावे लागतात. आधीचं खत बहमन १३४९ चं, म्हणजे डिसेंबर १९३९. आजोबांचं तीर १३५५ चं, म्हणजे मे १९४६. साखळी सरळ झाली.

पण सरांनी सांगितलं म्हणून बँक मानत नाही, आणि मानूही नये. नोंदणी कार्यालयातल्या जुन्या पुस्तकातून त्या खताची प्रमाणित नक्कल काढली. नक्कलेत ‘फसली’ हा शब्द पूर्ण लिहिलेला होता. मग नवा अनुवाद, त्याखाली अनुवादकाचं प्रतिज्ञापत्र आणि तारखांचं रूपांतर कसं केलं त्याचा अर्ध्या पानाचा खुलासा, असं सगळं एकत्र वकिलाकडे दिलं. हा खुलासा महत्त्वाचा. तो नसेल तर पुढच्या वेळी दुसऱ्या बँकेचा दुसरा वकील पुन्हा तिथेच अडतो.

गठ्ठा उघडलाच होता, म्हणून बाकीचंही तपासलं. खतात १५० चौरस गज होते, म्हणजे १,३५० चौरस फूट. सिटी सर्व्हेच्या पीआर कार्डावर (मिळकत पत्रिकेवर) ११७.२ चौरस मीटर, म्हणजे साधारण १,२६१ चौरस फूट. हा फरक जुन्या शहरात नेहमी दिसतो. खतातलं माप दोरीनं घेतलेलं, पीआर कार्डाचं मोजणीच्या वेळी प्रत्यक्ष ताब्यात होतं तेवढ्याचं. मालकांचा आग्रह १,३५० धरायचा होता. आम्ही जाहिरातीत आणि इसार पावतीत पीआर कार्डाचंच क्षेत्र टाकायला लावलं. मूल्यांकन त्यावरच होतं, बँकेचा व्हॅल्युअरही तेच मोजतो. मोठा आकडा सांगून बसवलेला भाव शेवटच्या आठवड्यात घासाघीस होऊन खाली येतो, आणि तेव्हा तो हवा त्यापेक्षा जास्तच खाली येतो.

खरी मोठी गोष्ट मात्र वारसांची निघाली. पीआर कार्डावर वडिलांचं एकट्याचं नाव. दोन भाऊ आणि पैठणला दिलेली बहीण समजत होते की मालक आपण तिघंच. आजोबा वारले १९७१ मध्ये. घर त्यांच्या स्वकमाईचं, मृत्युपत्र नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं मुलींनाही मुलाइतकाच वाटा, म्हणजे दोन्ही आत्या हिस्सेदार. फेरफाराला एकट्या मुलाचं नाव लागलं म्हणून बहिणींचा हक्क जात नाही. ती नोंद सरकारी दप्तरापुरती असते. हे कळल्यावर थोरला भाऊ म्हणाला, “आत्यानं कधी मागितलं नाही अन् मागणारही नाही.” असेलही तसं. पण आत्याच्या पश्चात तिची मुलं, त्यांच्या पश्चात नातवंडं, आणि तोवर घर तिसऱ्याच माणसाच्या नावावर गेलेलं. अशा दाव्यात पिचतो तो घेणारा.

एक आत्या वारलेल्या, त्यांची दोन मुलं सही करायला तयार होती. दुसऱ्या अंबडला, ऐंशीच्या पुढच्या, प्रवास न झेपणाऱ्या. त्यांचं कुलमुखत्यारपत्र घ्यायचं ठरलं, तेव्हा थोरला म्हणाला माझ्याच नावानं करा. तिथे आम्ही थांबवलं. मुलाच्या नावानं, मोबदल्याशिवाय मुखत्यारपत्र दिलं तर मुद्रांक ५०० रुपयांचा. भाचा त्या जवळच्या नातेवाइकांच्या यादीत बसत नाही; त्याला विक्रीचा अधिकार दिला तर खरेदीखताइतकी स्टॅम्प ड्युटी लागू शकते. म्हणून ते आत्यांच्या मुलाच्या नावानं केलं, आणि नोटरीपुढे नाही, तर अंबडच्या दुय्यम निबंधकासमोर. त्या दिवशी मशीनवर आत्याबाईंचा अंगठा उमटेना. उभा जन्म शेतात आणि चुलीपुढे गेलेल्या हातांच्या रेषा झिजून जातात. ओल्या रुमालानं बोट पुसून, जरा कोरडं होऊ देऊन पुन्हा ठेवलं तेव्हा घेतलं. अगदी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर अर्ज करून, फी भरून निबंधकाची गृहभेट मागता येते.

खरेदीखतात सहाही जण ‘लिहून देणार’ म्हणून घेतले. मसुद्यात आत्यांकडच्या मंडळींना ‘संमती देणार’ करायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. हिस्सा आहे त्यानं विकलं पाहिजे, नुसती मान डोलावून भागत नाही. कुणी किती घ्यायचं ते त्यांनी घरात बसून ठरवलं. ठरलेली रक्कम प्रत्येकाच्या नावापुढे, बँक खात्यासह, खतात लिहिली गेली.

नवीन गिऱ्हाईक शेजारच्याच मोहल्ल्यातलं, सौदा ४६ लाखांना. इसार पावतीत स्पष्ट अट घातली: टायटलच्या, म्हणजे मालकी हक्काच्या, कारणानं कर्ज नाकारलं गेलं तर इसार पूर्ण परत. इसारही खात्यातूनच घेतला, कारण स्थावर मिळकतीच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देऊन हरकतीची मुदत जाऊ दिली. महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी सहा टक्के. खरेदी एकट्या पत्नीच्या नावानं केल्यामुळे एक टक्का सवलत मिळून २ लाख ३० हजार झाली, म्हणजे ४६ हजार वाचले. नोंदणी फी ३० हजार. रेडीरेकनरची (सरकारी दरानं काढलेली) किंमतही पन्नास लाखांच्या आत होती, त्यामुळे खरेदीदाराला टीडीएस कापावा लागला नाही.

मालकांचा एक प्रश्न शेवटपर्यंत होता: आजोबांनी काहीशे हाली रुपयांत घेतलेल्या घरावर कर किती? एवढ्या जुन्या मिळकतीला १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत खरेदीची किंमत म्हणून धरता येते, फक्त ती त्या दिवशीच्या सरकारी मूल्यापेक्षा जास्त दाखवता येत नाही. नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून तो दाखला विक्रीआधीच घेतला. घर एकदा पाडलं की जुन्या बांधकामाची किंमत काढणं जड जातं, आणि घेणाऱ्याला ते पाडायचंच होतं.

नोंदणीच्या दिवशी सहा विक्रेते, दोन साक्षीदार आणि बँकेचा माणूस डीडी घेऊन. सर्व्हर दुपारपर्यंत बंद होता, मग सुरू झाला. बँकेनं मूळ उर्दू खतं, नक्कल आणि नवा अनुवाद, तिन्ही मोजून ताब्यात घेतली. मालकांना आम्ही सगळ्याची स्कॅन प्रत, इंडेक्स टू (नोंदणीचा गोषवारा) आणि व्हॅल्युअरचा दाखला वेगळ्या फाइलीत लावून दिला. विवरणपत्र भरताना सहाही जणांना तो लागणार होता. घरपट्टी आणि लाइटबिलाची थकबाकी ताब्याच्या तारखेपर्यंत मालकांनी भरली आणि पावत्या नव्या मालकिणीकडे दिल्या. पीआर कार्डाच्या फेरफाराचा अर्ज त्याच आठवड्यात सिटी सर्व्हे कार्यालयात टाकला.