आमची वाटचाल : पान उलटून पाहण्याची अठरा वर्षे

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील आमचे द्राक्षाचे पान-देठ परीक्षण केंद्र 2007 साली सुरू झाले, तेव्हा दहापट मोठे दाखवणारे एक भिंग, एक जुनी मोटारसायकल आणि एका कृषी सेवा केंद्रात नोकरी करून मिळवलेला आठ वर्षांचा अनुभव, एवढेच आमचे भांडवल होते. त्या दुकानात रोज सकाळी बागायतदार खिशातून चुरगळलेले द्राक्षाचे पान काढून काचेवर ठेवत आणि पान नीट पाहून होण्याआधीच मागच्या फळीवरून बाटली खाली येई. पान पिवळे पडलेले असो, कडेने करपलेले असो वा त्यावर बुरशी असो, बाटली बहुधा त्या आठवड्यात खपवायची तीच असे. निदान करणारा आणि औषध विकणारा एकच असला की निदान औषधाच्या मागे जाते, ही माझी तेव्हाच पक्की खात्री झाली. म्हणून आमच्या केंद्रात औषध विकायचे नाही, हे पहिल्याच दिवशी ठरले. मृदशास्त्राची पदवीधर असलेल्या माझ्या पत्नीने प्रयोगशाळा सांभाळली आणि बागांच्या भेटी माझ्याकडे आल्या.

पहिली दोन वर्षे कठीण गेली, कारण औषधाला पैसे मोजणारा माणूस सल्ल्याला पैसे मोजायला सहसा तयार नसतो. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान चक्रीवादळाच्या पावसाने नाशिक जिल्ह्यातील ऑक्टोबर छाटणीच्या, म्हणजे फळांसाठी छाटलेल्या, बागा ऐन नाजूक अवस्थेत भिजल्या आणि केवड्याने, म्हणजे डाऊनी मिल्ड्यूने, पानांबरोबर घडही धरले. त्या दिवसांत एक वयस्कर बागायतदार आले. भुरी, म्हणजे पावडरी मिल्ड्यू हा वेगळा बुरशीरोग, समजून ते चार दिवसांपासून गंधक फवारत होते आणि त्याचा काहीच गुण येत नव्हता. मी म्हटले, “नाना, हे पान रात्रभर आमच्याकडे राहू द्या.” स्टीलच्या डब्यात ओला टीपकागद अंथरून त्यावर ते पान पालथे ठेवले आणि झाकण लावले. सकाळी पानाच्या वरच्या बाजूच्या प्रत्येक तेलकट पिवळ्या डागाच्या बरोबर खाली कापसासारखी पांढरी वाढ उभी होती. भुरीची बुरशी राखेसारखी पानावर बसते आणि बोटाने पुसली की बोटाला लागते. केवडा पानाच्या आत शिरतो, ओल मिळाली की खालच्या बाजूने बाहेर येतो आणि त्यावर गंधक उपयोगी पडत नाही. नानांनी तो डबा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. त्यानंतरच्या पंधरवड्यात त्यांच्या गावातून आमच्याकडे रोज कोणी ना कोणी पाने घेऊन येऊ लागले.

आमच्या हातून झालेली सर्वांत मोठी चूक 2013 च्या दुष्काळातील आहे आणि ती येथे सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. विहीर आटल्यामुळे एका बागायतदाराने खरड छाटणीनंतरची, म्हणजे उन्हाळ्यात नव्या काड्यांसाठी केलेल्या छाटणीनंतरची, बाग नव्या बोअरच्या पाण्यावर जगवली होती. जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन वळलेल्या पाहून मी पालाशाची, म्हणजे पोटॅशियमची, कमतरता ठरवली आणि ठिबकमधून म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशाचे खत सोडायला सांगितले. पंधरा दिवसांत करपलेपणा कडेपासून पानाच्या मध्यापर्यंत पोहोचला. तेव्हा कुठे आम्ही पाणी तपासले आणि दोष क्षारांचा असल्याचे कळले. मी सुचवलेल्या खतातील क्लोराइडने त्यात भरच घातली होती. खत थांबवले, पाऊस सुरू झाल्यावर भरपूर पाण्याने मुळांजवळचे क्षार खाली उतरवले आणि माती परीक्षणानुसार जिप्सम दिले. परंतु खरड छाटणीनंतरच काडीत पुढच्या घडांची जडणघडण होत असते, त्यामुळे त्या हंगामात त्यांच्या वेलींवर घड कमीच निघाले. शुल्क परत केले, पुढील दोन वर्षे सेवा विनामूल्य दिली, तरी गेलेले घड परत आले नाहीत. तेव्हापासून कडा करपलेल्या पानासोबत पाण्याचा नमुना आल्याशिवाय आम्ही खताची शिफारस लिहून देत नाही.

पिवळ्या पानांच्या बाबतीत आमचा पहिला प्रश्न नेहमी एकच असतो : पिवळेपणा शेंड्याकडे आहे की बुडाकडे? शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि शिरा मात्र हिरव्या असतील, तर लोह कमी पडते आहे. खालच्या जुन्या पानांवर शिरांमधला भाग पिवळा पडत असेल, तर मॅग्नेशियमकडे पाहावे लागते. आमच्या भागातील चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही. चिमूटभर मातीवर आम्लाचे दोन थेंब टाकले आणि ती फसफसली, की कारण डोळ्यांसमोर येते. अशा जमिनीत नुसते फेरस सल्फेट टाकून फारसे साधत नाही. ते शेणखतात मुरवून द्यावे किंवा ईडीडीएचए स्वरूपातील चिलेटेड लोह, म्हणजे चुनखडीच्या जमिनीतही मुळांना मिळेल असे बांधलेले लोह, वापरावे. थंडीत वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, न पाहता पाणी देत राहिल्यामुळे पिवळ्या पडलेल्या किती तरी बागा केवळ पाणी कमी केल्यावर हिरव्या झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि असा सल्ला देताना मला विशेष समाधान वाटते.

ऑक्टोबर 2019 च्या लांबलेल्या पावसात आमचे केंद्र तीन आठवडे रात्रीही उघडे होते. एकाच गटातील, म्हणजे बुरशीवर एकाच पद्धतीने काम करणारे, बुरशीनाशक लागोपाठ वापरल्याने केवडा त्याला दाद देईनासा होतो, हे तेव्हा अनेकांनी अनुभवले. आता आमच्या प्रत्येक शिफारशीवर औषधाचा गट आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीपूर्वी सोडायचे दिवस ठळक लिहिलेले असतात.

आज आमच्याकडे पाच जण काम करतात आणि देठ परीक्षण, म्हणजे पानाच्या देठातील अन्नद्रव्यांची तपासणी, हा कामाचा मोठा भाग झाला आहे. खरड छाटणीनंतर 45 दिवसांनी काडीच्या बुडाकडून पाचव्या पानाचा आणि फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा देठ आम्ही घेतो. रोगट पाने आणणाऱ्यांना एवढीच विनंती आहे की ती खिशात किंवा बंद पिशवीत न आणता कागदात सपाट ठेवून सकाळीच आणावीत, सोबत त्याच वेलीचे एक निरोगी पान असावे, आणि प्रत्येक पान कितव्या पेऱ्यावरचे आहे ते कागदावर लिहिलेले असावे.