पिन शाबूत होती

सकाळी साडेसातला फोन आला. “रोलर सुटला, पिन तुटली, जाड पिन घेऊन लगेच या.” मुळशीकडचं रिसॉर्ट, आणि संध्याकाळी त्याच लॉनवर लग्न. तिथे गवत कापायच्या ट्रॅक्टरमागे पाण्याने भरलेला रोलर ओढतात, आणि दोघांना जोडते ती ही पिन.

पोचलो तेव्हा रोलर उताराच्या तळाशी, मांडवाच्या लोखंडी खांबाला टेकून उभा होता. खांब वाकला होता, मधला फुलांचा वाफा भुईसपाट. माणूस कुणी वाटेत नव्हतं, एवढंच नशीब. लग्नाच्या सकाळी ओल्या लॉनवर रोलर फिरवणं हा मुळातच देखाव्याचा प्रकार. माती आवळली जाते आणि पुढचे दोन महिने गवत पिवळं पडतं. पण फोटोत पट्टे छान दिसतात.

रोलर फिरवणाऱ्या माळीकाकांना मी विचारलं, “काका, तुटलेले तुकडे कुठायत?” तुकडे कुणीच पाहिले नव्हते. पिन तुटली हे मॅनेजरसाहेबांनी परस्पर ठरवलेलं. जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून गवतावरून फिरवलं, तेव्हा रोलर सुटला त्या जागेपासून दहाबारा फुटांवर पिन मिळाली. अख्खी, फक्त केळ्यासारखी किंचित वाकलेली. पलीकडे बाइंडिंग वायरचा तुकडा पडला होता. त्याचं टोक घासून चकाकत होतं.

आता हिशेब बघा. रोलरचा ड्रम दोन फूट व्यासाचा, तीन फूट रुंद. भरला की पाणीच अडीचशे लिटरच्या वर, लोखंड धरून तीनशे किलोच्या पुढे. चढ साधारण सहा फुटाला एक फूट. म्हणजे चढावर पिनवर स्थिर ओढ जेमतेम पन्नास-साठ किलोची. पिन चार सुती, म्हणजे अर्धा इंच, साध्या माइल्ड स्टीलची. ती एका जागी कातरायलाच तीन टनांच्या आसपास जोर लागतो. पन्नास किलोला ती तुटते कशी?

तुटत नाही, पण वाकते. ट्रॅक्टरच्या मागची पट्टी एकेरी, ५ मिमी जाड. रोलरच्या दांडीचं बेचकं मात्र दोन पट्ट्यांचं आणि आत ५० मिमी मोकळं, कारण ते मोठ्या ट्रॅक्टरच्या मापाने बनवलेलं. ५० मिमीच्या पोकळीत ५ मिमीची पट्टी! अशा पिनला मधोमध चारशे किलोचा झटका बसला की ती वाकायला लागते, आणि तेवढा झटका उलटं घेताना सहज मिळतो. रिव्हर्समध्ये वळवताना दांडी पट्टीच्या कोपऱ्याला टेकली की पहारीसारखं काम करते. पिनवर तिरपी चकचकीत खाच होती, पट्टीच्या जाडीएवढीच रुंद. ती एका दिवसात पडत नाही.

वाकल्यानंतरचा खेळ वेगळा. मशीन उंचवट्यावरून गेलं की पट्टी बेचक्यात वर उसळते आणि वाकड्या पिनला पकडून सोबत उचलते. पुढे लगेच ओढ लागते, पिन तिथेच आवळून राहते, खाली बसत नाही. पुढच्या धक्क्याला आणखी वर. जॅकसारखी एकेक दात चढते. हे थांबवणारी वस्तू एकच, पिनच्या खालच्या टोकाच्या भोकात अडकवायची क्लिप. आणि क्लिप चार महिन्यांपूर्वी हरवली होती. काकांनी स्टोअरला दोनदा सांगितलं, शेवटी बाइंडिंग वायर ओवली. वळताना पिन भोकात फिरते, वायर भोकाच्या कडेवर घासते, एक दिवस तुटते.

इलेक्ट्रिशियनने तोवर १६ मिमीचा, डोक्यापर्यंत आटे असलेला बोल्ट शोधून ठेवला होता. सगळे हेच करतात. आट्यांच्या तळाशी तो बोल्ट साडेतेरा मिमीच भरतो, आटे कानशीसारखे भोक खातात, आणि प्रत्येक वळणाला दांडी नट थोडा सैल करते. बोल्टच लावायचा तर डोक्यावर ८.८ ही मजबुतीची खूण कोरलेला, आटे पट्ट्यांच्या बाहेर राहतील असा आणि नायलॉकसकट, म्हणजे सैल न होणाऱ्या नटासकट.

मॅनेजरसाहेब सहा सुतीवर अडून बसले. पट्टीचं भोक साडेसोळा मिमीचं, त्यात पाच सुती नीट जाते. वाकण्याची ताकद जाडीच्या घनाने वाढते, त्यामुळे चारची पाच केली की जवळपास दुप्पट मिळते. सहा सुतीसाठी भोक मोठं करायचं तर भोक आणि पट्टीची कड यांच्यामध्ये निदान भोकाएवढं पोलाद राहायला हवं. इथे ते राहत नव्हतं. मग जाड पिन टिकली असती आणि पट्टी फाटली असती. पिन शंभरदीडशेची, पट्टी सुट्या भागांत मागवावी लागते.

लांबीबद्दल मात्र कुणी विचारत नाही. डोक्याच्या खालपासून क्लिपच्या भोकापर्यंत जी मोजायची ती कामाची लांबी. बेचक्याच्या दोन पट्ट्या ६-६ मिमी, पोकळी ५०, वॉशर ३, वर थोडा खेळ म्हणजे मोकळी जागा, मिळून ६८ मिमी पुरे. जुनी पिन ११० ची. जादा चार सेंटिमीटर म्हणजे वायरला प्रत्येक धक्क्यात हातोड्यासारखा ठोसा.

पोकळी भरायला अर्धा इंची जीआय पाण्याचा पाइप ३७ मिमी कापला. पाच सुती पिन त्यात जेमतेम जाते, आतली वेल्डची शिवण गोल कानशीने काढावी लागते. तो ट्रॅक्टरच्या पट्टीखाली, आणि वर ३ मिमीचा वॉशर. ही पट्टी मधोमध ठेवायची नाही, बेचक्याच्या वरच्या पट्टीजवळ ठेवायची, तिथे पिन कमी वाकते. एकूण ५ मिमी खेळ मुद्दाम सोडला. गच्च बसवलं तर उंचवट्यावर पट्टी पिळवटते.

क्लिप रिंगवाली लावली. पातळ आर-क्लिप गवतात आणि कुंपणाच्या फांद्यांत अडकून उघडते. पिनचं आडवं हँडल बेचक्यावर छोटा तुकडा वेल्ड करून त्याला टेकवलं, म्हणजे पिन फिरणारच नाही. पिन आणि क्लिप दोन्ही साखळीने दांडीलाच बांधल्या. पाऊण तासाचं काम, त्यात वीस मिनिटं एक्स्टेन्शन बोर्ड शोधण्यात गेली.

ट्रॅक्टरची सर्व्हिस महिन्याभरापूर्वी मीच केली होती. ब्लेडला धार, बेल्ट, ऑइल, टायरची हवा, सगळ्यावर टिक. पिन त्या कागदावर नाही, म्हणून मागे वाकून पाहिलंच नाही. वायर तेव्हाही तिथेच असणार.

काकांचा चार दिवसांचा पगार कापायचं चाललंय असं दुपारी कळलं. अहवालावर माझीही सही हवी होती. ‘कारण’च्या रकान्यात आधीच ‘चालकाचा निष्काळजीपणा’ टाइप केलेलं. ते खोडून मी लिहिलं, ‘क्लिप नव्हती, मागणी करूनही मिळाली नाही’ आणि खाली सही केली. काल ऑफिसमधून फोन होता: निदान ‘पिन तुटली’ असं करून देता का, विम्याला सोपं पडेल.

पिन माझ्या टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात आहे. अख्खी.