बर्फ वाकवायचाय? आधी फ्रीझर बघा

वजनाखाली ठेवली तर बर्फाची पट्टी न मोडता सावकाश वाकवता येते. माझा वैताग बर्फावर नाही, फ्रीझरवर आहे.

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर मासळीसाठी जी लादी मिळते तीच घेतली. मधला पांढरा गाभा बुडबुड्यांचा, तो टाकायचा. कडेच्या काचेसारख्या भागातून 30 सेंमी लांब, 2 सेंमी रुंद आणि तेवढीच जाड पट्टी करवतीने काढली. 25 सेंमी अंतरावर दोन गज, त्यांवर आडवी पट्टी, मध्यावर 1 किलो वजन. 2 किलो नको. ताण 1 मेगापास्कलजवळ जातो आणि पट्टी कडकन तुटू शकते.

आता फ्रीझर. नो-फ्रॉस्टचा नाद सोडा. त्यातला हीटर अधूनमधून चालतो आणि पंख्याच्या कोरड्या हवेत पट्टी झिजत जाते. नेहमीच्या −18 अंशांवर वाकण्याचा वेग −10 च्या निम्म्याहूनही कमी, −5 वर मात्र साधारण अडीच पट. म्हणजे तापमान हललं की आकडे रद्दी. −10 ला बर्फ 263 केल्विनवर असतो आणि वितळतो 273 ला. लाल तापलेलं लोखंडही वितळण्याच्या इतकं जवळ नसतं, म्हणून तर बर्फ असा वाकतो. झाकणाचा आडवा डीप फ्रीझर −10 वर लावा. पट्टी प्लास्टिकमध्ये गुंडाळून थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, शेजारी 860 ग्रॅम पाण्यात 140 ग्रॅम मीठ घातलेल्या बाटल्या. हे पाणी −10 च्या आसपास गोठू लागतं, त्यामुळे पावसाळ्यात वीज गेली तरी तापमान लगेच चढत नाही. एवढं करूनही दिवसाला मिलिमीटरचा अंशच मिळतो. डायल गेजशिवाय, म्हणजे बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाशिवाय, काही दिसणार नाही.

सुरुवातीला वेग जास्त असतो, मग मंदावतो. स्फटिकातले षट्कोनी थर एकमेकांवरून सहज सरकतात, बाकी दिशांना फार अवघड. त्यामुळे वेगवेगळ्या रोखाचे शेजारी कण, म्हणजे पट्टीतले छोटे स्फटिक, एकमेकांना अडवतात. बर्फाची पातळ चकती दोन पोलरॉइडमध्ये (प्रकाश एकाच दिशेत गाळणाऱ्या पट्ट्यांमध्ये) धरली की हे कण रंगीत दिसतात. वेग स्थिरावल्यावर बर्फाच्या वाहण्याचा ग्लेनचा नियम लागू पडतो: ताण दुप्पट, वेग आठपट.

तारेने लादी कापण्याचा प्रयोग यात मोजू नका. तिथे बर्फ तारेखाली वितळून वर पुन्हा गोठतो.

वजन काढल्यावर थोडा बाक लगेच सुटतो, थोडा सावकाश. उरेल तो कायमचा. आणि हो, गज आणि वजन आधीच गार करून ठेवा, नाहीतर ते बर्फात रुततात आणि गेज तेच वाकणं म्हणून दाखवतो.